दोन चुलींचे घर
मुंबईतल्या गरिबांची कादंबरी आणि भोर-वेल्ह्यातले कुटुंब

पोट भरायला मुंबईत आलेल्या गरीब कुटुंबाची कादंबरी हा मराठी साहित्याचा एक स्वतंत्र प्रवाह आहे. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' (१९३३) या कादंबरीत गिरणी आणि गिरणी कामगार मध्यभागी आले. त्यानंतर तीस वर्षांनी जयवंत दळवींची 'चक्र' (१९६३) आली आणि झोपडपट्टीतले जगणे मराठी वाचकापुढे कसलाही आडपडदा न ठेवता उभे राहिले. त्याच वर्षी बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' आणि बागुलांचा 'मरण स्वस्त होत आहे' ही दोन्ही पुस्तके आली. सहा-सात वर्षांच्या या काळात मराठी साहित्याने मुंबईच्या तळाकडे जितके निरखून पाहिले तितके त्याआधी पाहिले नव्हते.

या प्रवाहातली सर्वांत ठसठशीत कलाकृती 'चक्र'च. अम्मा, तिचा मुलगा बेनवा, दादागिरीवर जगणारा लुका ही माणसे झोपडपट्टीत भेटतात आणि तिथेच संपतात. रवींद्र धर्मराज यांनी या कादंबरीवर हिंदी चित्रपट केला. १९८१ मध्ये लोकार्नोच्या महोत्सवात त्याला सुवर्ण बिबट्याचा मान मिळाला आणि अम्माच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटात अम्माचे कुटुंब गाव सोडते ते सावकाराचा खून करून पळताना. परतीचा रस्ता त्याच क्षणी बंद होतो. गाव पुन्हा दिसत नाही, गावाहून कुणी येत नाही, गावी काही पाठवायचे नसते. झोपडी हेच घर, आणि पालिकेचा बुलडोझर आला की तेही जाते.

मुंबईत असे तुटून आलेले लोक हजारोंनी होते आणि दळवींनी त्यांना न्याय दिला. पण सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून, विशेषतः पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे तालुक्यांतून जी माणसे मुंबईला गेली, त्यांचे कुटुंब या चित्रात बसत नाही. तिथे मुंबईला पुरुष गेला, कुटुंब गेले नाही. चूल गावी पेटत राहिली आणि मुंबईत त्याने खाणावळीत ताट लावले. एकाच घराची दोन ठिकाणी विभागलेली ही संसाररचना तीन-चार पिढ्या टिकली. मराठी कादंबरीच्या नजरेतून तिचा मोठा भाग निसटला आहे.

ही रचना का निर्माण झाली, हे जमीन पाहिल्याशिवाय कळत नाही. भोर आणि वेल्हे म्हणजे जुने हिरडस मावळ, रोहिडखोरे, वेळवंडखोरे, गुंजण मावळ आणि कानदखोरे. वेल्ह्यात राजगड आणि तोरणा, भोरमध्ये रोहिडा आणि रायरेश्वर. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. २०११ च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती, जिल्ह्यातली सर्वांत कमी. पश्चिमेकडे पाऊस धो-धो कोसळतो, पण तो चार महिन्यांचा. खाचरात भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई. आंबेमोहोराचा आणि पुढे इंद्रायणीचा तांदूळ इथे उत्तम पिकतो, मात्र खाचरे लहान आणि वाटेकरी पुष्कळ. दिवाळीनंतर झोडणी उरकली की शेतात काम नसते आणि कणगीतला दाणा पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरत नाही. भोर १९४८ पर्यंत पंत सचिवांचे संस्थान होते. राजधानीत वाडा, शाळा आणि बाजार होता, पण खोऱ्यातल्या माणसाला वर्षभर रोजगार देईल असा उद्योग नव्हता.

पाणी याच डोंगरांत पडते आणि याच डोंगरांत अडवले जाते. वेळवंडी नदीवर भाटघरला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण झाले आणि १९२० च्या दशकात त्याच्याजवळ कितीतरी मोठे लॉइड धरण उभे राहिले. या धरणांच्या पाण्यावर नीरेचे कालवे वाहू लागले आणि बारामती, फलटण, माळशिरसकडे ऊस उभा राहिला. पुढे वेल्ह्याच्या उत्तर भागात पानशेत आणि वरसगाव, भोरच्या पश्चिमेला नीरा देवघर, वेल्ह्यात गुंजवणी अशी धरणे होत गेली. पानशेत १२ जुलै १९६१ रोजी फुटले. पुण्यात झालेल्या नुकसानीवर विपुल लिहिले गेले, पण जलाशयासाठी खोऱ्यातली भातखाचरे आणि गावठाणे सोडावी लागलेल्या लोकांकडे त्या मानाने फार कमी लक्ष गेले. धरणग्रस्तांची मोठी मराठी कादंबरी विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (१९९१). तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मावळच्या स्थलांतराची कहाणी समजून घेताना 'झाडाझडती' आणि 'चक्र' एकापुढे एक ठेवून वाचाव्यात, कारण नदीकाठचे सुपीक खाचर पाण्याखाली जाणे आणि घरातला कर्ता मुलगा मुंबईला जाणे या दोन घटना अनेक घरांत एकाच साखळीतल्या होत्या.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापली. गिरणगाव वाढत गेले तसे कोकणातून आणि घाटावरच्या सातारा, पुणे, अहमदनगर जिल्ह्यांतून मजूर येऊ लागले. भोर-वेल्ह्यातला तरुण एकटा, अनोळखी होऊन मुंबईत उतरत नसे. आधी गेलेला चुलता, मामा किंवा भावकीतला कुणी त्याला सोबत नेई. गिरणीत मजूर भरती करणाऱ्या जॉबरकडे त्याच्यासाठी शब्द टाकला जाई. राहायला गावाचा गाळा असे. लालबाग, परळ, वरळी, नायगाव भागातल्या चाळीत गावातल्या लोकांनी मिळून एखादी खोली भाड्याने घेतलेली असायची आणि दहा-बारा फुटांच्या त्या खोलीत पंधरा-वीस जण राहायचे. दिवसपाळीचा माणूस उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. ट्रंका भिंतीला, कपडे दांडीवर, उन्हाळ्यात झोप गॅलरीत किंवा फुटपाथवर. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांनी १९२५ मध्ये मुंबईतल्या कामगारांच्या घरांवर लिहिलेल्या पुस्तकात एकखोली घरांतल्या दाटीची नोंद आहे. त्याच सुमारास सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बीडीडी चाळी बांधल्या. गाळ्यांची दाटी त्याने हटली नाही.

जेवणाची सोय खाणावळीत. खाणावळ चालवणारी बाई बहुधा गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा असे. ती स्वतःच्या एका खोलीत दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करी आणि पगार झाला की महिन्याचा हिशेब होई. संपात पगार थांबला तरी ताट थांबत नसे. या बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि त्यांना बँकांची कर्जे मिळवून दिली. गिरणगावचा इतिहास सांगताना पुढारी, संप आणि मोर्चे पुढे येतात. खाणावळवाली बाई मागे राहते. तिच्या उधारीवर मोठमोठे संप लढले गेले, हे एखाद्या मोठ्या कादंबरीचे बीज आहे.

गिरणीत जागा नाही मिळाली की गोदी, मशीद बंदर, दाणाबंदर, भाजीबाजार. भोर, वेल्हे, जावळी, पाटण या डोंगरी तालुक्यांतले पुरुष माथाडी म्हणून मोठ्या संख्येने गेले. गोण्या वाहणारा माथाडी, माल उतरवून रचणारा वारणार, वजन करणारा तोलणार अशी कामे वाटलेली असत. काम टोळीने व्हायचे, मजुरी टोळीत वाटली जायची आणि टोळी पुष्कळदा एका गावाची किंवा एका खोऱ्याची असायची. पाठीवर ओझे घेणाऱ्या या माणसाला मालक असा कुणी नव्हता, त्यामुळे रजा, भविष्यनिर्वाह निधी, अपघाताची भरपाई यांतले काहीच त्याच्या वाट्याला येत नव्हते. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्याने नोंदणी आली, मंडळे आली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. पुढे बाजार नवी मुंबईत हलला तेव्हा कोपरखैरणे, घणसोली या भागांत माथाड्यांसाठी लहान घरे झाली. गिरणी कामगाराला निवृत्तीपर्यंत गाळाच पुरला, माथाड्याला मात्र बायको-पोरांना आणता येईल असे छप्पर मिळाले. दोन चुलींची एक चूल होण्याची सुरुवात अनेक घरांत इथून झाली.

तोवर गावी काय चालले होते? हा या विषयाचा गाभा आहे. शेजारच्या वाई तालुक्यातल्या सुगाव या गावाचा हेमलता दांडेकर यांनी दीर्घ अभ्यास केला आणि १९८६ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पुरुष मुंबईला आणि बायका घरी, हाच त्या पुस्तकाच्या नावाचा आशय आहे. डोंगर ओलांडला की भोरमध्येही हेच चित्र. चैत्र-वैशाखात राब भाजायचा: शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या डोक्यावर आणून रोपाच्या जागी पसरायच्या आणि जाळायच्या. मृगात पेरणी, आषाढात चिखलणी आणि लावणी, दिवाळीच्या आसपास कापणी आणि झोडणी. यातली बहुतेक कामे बायकाच करत. औत मात्र रिवाजाने पुरुषाने धरायचे. त्यामुळे लावणीला नवरा रजा काढून येई, नाहीतर दिराच्या किंवा शेजाऱ्याच्या बैलांची वाट पाहावी लागे. सावडीने एकमेकींची लावणी उरकायची, पण बैल ज्याचे त्याचे खाचर आधी. लावणी आठवडाभर मागे पडली तर दाण्यात घट ठरलेली.

गावच्या या कामाच्या दिवसांशी मुंबईच्या गिरणीची एक व्यवस्था नेमकी जुळत होती. लावणीला, शिमग्याला आणि जत्रेला कायम कामगार गावी गेले की त्यांच्या साच्यांवर बदली कामगार उभे राहत. बदलीवाला रोज सकाळी गेटवर येई, काम असेल तर आत, नसेल तर परत. मालकाला स्वस्त राखीव मजूर मिळत होता आणि गावाला लावणीपुरता पुरुष. गिरणी कामगाराने गाव सोडले नाही ते शेतीच्या ओढीने, असे पूर्वी सांगितले जाई. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या इतिहासग्रंथात याची आर्थिक बाजू मांडली: आजारपण, संप, बेकारी आणि म्हातारपण यांचा भार उचलायला शहरात कुणीच नव्हते. तो भार गाव उचलत होते, म्हणून कामगाराने गावाशी नाते तोडले नाही. गाव उचलत होते म्हणजे प्रत्यक्षात गावची बाई उचलत होती. गिरणीने मजुराला कुटुंब पोसण्याइतका पगार आणि घर दिले नाही. ती तूट वेल्ह्याच्या खाचरात वाकून भरली गेली.

पैसा मनिऑर्डरीने यायचा. पोस्टमन आला की अंगठा उठवायचा, मजकुराच्या तुकड्यावरच्या दोन ओळी त्याच्याकडून किंवा शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्यायच्या. पैसे सासऱ्याच्या नावाने आले तर सुनेच्या हातात किती पडतील हे सासऱ्याने ठरवायचे. सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे. बांधाचा तंटा झाला, भावकीने वाट अडवली, मूल तापाने फणफणले, तर निर्णय तिने घ्यायचा आणि जाब नंतर द्यायचा. नवरा वर्षातून दोनदा येई: जत्रेला आणि लावणीला. वीस-पंचवीस वर्षांच्या संसारात दोघे एका छपराखाली सलग किती राहिले, याचे उत्तर अनेक घरांत दोन-तीन वर्षांपलीकडे जात नाही.

या बाईपर्यंत मराठी साहित्य पोचले ते तुकड्यातुकड्याने. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून कुटुंबासह पायी मुंबईला आले आणि घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहिले. त्यांच्या 'माझी मैना' या छक्कडीत मुंबईचा कामगार गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो आणि ती मैना पुढे संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाचे रूप घेते. दुरावा इतका घरोघरी होता म्हणूनच हे रूपक हजारोंच्या सभेला क्षणात कळले. पण बोलणारा पुरुष आहे, मैना गावी काय करते हे छक्कड सांगत नाही. श्री. ना. पेंडश्यांच्या 'रथचक्र' (१९६२) मध्ये नवऱ्याविना मुलांना शिकवण्यासाठी एकत्र कुटुंबाशी झुंजणारी बाई आहे. तिचे बळ आणि तिचा एकटेपणा मावळातल्या बाईला ओळखीचा वाटावा असा आहे, पण तिची भूमी कोकण. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनात मुंबईचा कावाखाना आणि अकोले तालुक्यातले गाव यांच्यामध्ये एक पोर ये-जा करते. गाव आणि शहर ही एकाच आयुष्याची दोन टोके आहेत हे या पुस्तकाने जितक्या थेटपणे दाखवले तितके झोपडपट्टीच्या कोणत्याच कादंबरीने दाखवले नाही. गो. नी. दांडेकरांच्या 'माचीवरला बुधा'मध्ये पुणे जिल्ह्यातलाच मावळी म्हातारा मुंबईला विटून राजमाचीवर परततो. तिथली माती, झाडे, पाखरे यांच्याशी त्याचे नाते फार सुंदर रंगले आहे. मात्र परतणारा पुरुष एकटा आहे आणि ज्या घरात तो परततो ते रिकामे आहे. मावळातल्या बहुतेक परतणाऱ्यांच्या घरात कुणीतरी तीस वर्षे चूल पेटती ठेवलेली होती.

कादंबरीकार झोपडपट्टीकडेच का वळले, याचे कारण कलेतही आहे. झोपडपट्टी ही एक जागा आहे. तिथे सगळी पात्रे एकमेकांना भेटतात, भांडतात, मरतात आणि कथानक घट्ट राहते. मुंबईबाहेर जगात पाहिले तरी तसेच दिसते. अप्टन सिंक्लेअरच्या 'द जंगल' (१९०६) या अमेरिकी कादंबरीत लिथुआनियाहून शिकागोला आलेले अख्खे कुटुंब, म्हातारा बाप आणि लहान पोरे यांच्यासह, खाटीककारखान्यांच्या वस्तीत एकत्र राहते आणि एकत्र उद्ध्वस्त होते. त्या कादंबरीने देश इतका हादरला की त्याच वर्षी मांसतपासणीचा कायदा झाला. दोन चुलींच्या कुटुंबाचे नाट्य अशा एका जागी साठत नाही. नवरा-बायकोचे भांडणसुद्धा पत्रातून, तेही तिसऱ्याने लिहिलेल्या पत्रातून. आजारपणाची बातमी पोचते तेव्हा माणूस बरा झालेला असतो किंवा गेलेला असतो. अशा संसाराला कादंबरीत बांधायला वेगळी रचना लागते आणि गावच्या बाजूचे तितकेच बारीक ज्ञान लागते. दळवी आरवलीचे, कर्णिक करूळचे, पेंडसे मुर्डीचे: कोकणाने मुंबईला मजूर दिले तसे त्यांच्याविषयी लिहिणारेही दिले. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून गेलेल्या पहिल्या पिढ्यांना शाळाच फारशी मिळाली नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. काही महिने गाळ्यात काढून माणसे हळूहळू गावी परतली. शेतात राबली, धरणांच्या आणि रस्त्यांच्या कामावर गेली, आणि गिरणी पुन्हा सुरू होईल म्हणून वाट पाहत राहिली. गावी परतलेल्या पुरुषाला आपल्याच घरात जागा शोधावी लागली, कारण व्यवहार इतकी वर्षे बायको पाहत होती आणि मुलांना बाप पाहुण्यासारखा ठाऊक होता. संपानंतरच्या गिरणगावातल्या घराची पडझड जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाने अचूक पकडली. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी 'कथा मुंबईच्या गिरणगावची'मध्ये कामगारांचे आवाज नोंदवले. विश्वास पाटलांनी 'लस्ट फॉर लालबाग' (२०१५) मध्ये गिरण्यांच्या जमिनींचे राजकारण मांडले. या तिन्हींचा मुक्काम मुख्यतः मुंबईत आहे.

संपाचा शेवट मात्र कागदोपत्री अजून गावांतच चालू आहे. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरे द्यायची ठरली, म्हाडाने अर्ज मागवले आणि लाखाहून अधिक कामगार व वारसांनी ते भरले. अट अशी की, कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असला पाहिजे. पुरावा म्हणून तिकीट नंबर, हजेरीपत्रक, लाल पास, ईएसआयसीचा क्रमांक, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक. ही चिठोरी ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवली ती बहुधा बायकोने किंवा आईने. सोडतीत नाव लागणारे थोडे, आणि लागले तरी किमतीचे पैसे उभे करायचे म्हणजे जमिनीचा तुकडा किंवा कर्ज. ज्या शहराने पुरुषाला उभ्या हयातीत खोली दिली नाही, तिथे वारसाला घर मिळण्याची आशा आज खोऱ्यातल्या अनेक घरांत जागी आहे.

दरम्यान स्थलांतराची दिशा बदलली. वेल्ह्याहून चेलाडी फाट्यावर किंवा भोरहून कापूरहोळला आले की महामार्ग लागतो आणि पुणे तासा-दीड तासावर आहे. शिरवळ, खेड शिवापूरच्या कारखान्यांत रोज ये-जा करणारी मुले आहेत. बाकीच्यांनी कात्रज, धनकवडी, वारजे, सिंहगड रस्ता या पट्ट्यात खोल्या घेतल्या. आता नवरा-बायको दोघे जातात. तो रिक्षा चालवतो, सुरक्षारक्षक होतो किंवा बांधकामावर जातो. ती सोसायट्यांत धुणीभांडी आणि पोळ्या करते. मुले शहरातल्या शाळेत जातात. खोलीचे भाडे, शाळेची फी, गॅस, मोबाइल हे सगळे दोघांच्या मजुरीतून, आणि गावाकडून येतो तो फक्त वर्षाचा तांदूळ, तोही खाचर कुणी कसले तर. नवरा-बायकोला एकत्र संसार मिळाला, ही या पिढीची खरी कमाई. गावी राहिली ती म्हातारी माणसे. पश्चिमेकडच्या वाड्या-वस्त्यांवर घरे पावसाळ्यात कुलूपबंद दिसतात, लावणीला माणूस मिळत नाही म्हणून खाचरे पड राहतात, आणि गडांच्या पायथ्याच्या जमिनी शहरातले गिऱ्हाईक घेते. चैत्रातल्या जत्रेला मात्र मुंबईकर मंडळ आणि पुणेकर मंडळ वर्गणी काढून येतात, पालखी निघते, चार दिवस गाव भरलेले असते.

गावी आधार म्हणून कसणारे कुणी उरले नाही, तेव्हा आजचे पुण्यातले मावळी कुटुंब 'चक्र'मधल्या अम्माच्या स्थितीजवळ सरकले आहे. आजारपण आले, काम सुटले, तर परतायला घर आहे पण त्या घरात दाणा नाही. या कुटुंबातली मुले आता महाविद्यालयात पोचली आहेत, भोरला आणि पुण्याला. आजीचा राब आणि आजोबांचा गाळा या दोन्हींचे तपशील त्यांना अजून घरात विचारता येतात. संपाच्या वेळी विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे आणि त्याच्याआधीच्या पिढीतले सांगणारे झपाट्याने कमी होत आहेत.